खांद्यावरचे साडेतीन किलो : रायफलीच्या पट्ट्यांचा अनुभव

रायफल घेताना माणूस नळीत डोकावतो, बोल्ट मागेपुढे करून पाहतो, दस्त्याचे लाकूड कशाचे ते विचारतो. ती खांद्यावर कशी टांगायची हा प्रश्न मात्र पहिल्या लांब चालीनंतर खांद्यावर वळ उठला की सुचतो. माझेही तसेच झाले. माझ्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची जुनी स्पोर्टिंग रायफल आहे. गेल्या नऊ वर्षांत शेतावर तिच्यातून एकही गोळी झाडण्याची वेळ आली नाही, आणि येऊ नये. पण ती वाहून नेलेल्या रात्री मोजायला बसलो तर सातशेच्या पुढे जातील. म्हणून येथे रायफलीविषयी थोडे आणि तिच्या पट्ट्याविषयी, म्हणजे फौजेत ज्याला स्लिंग म्हणतात त्याविषयी पुष्कळ लिहितो आहे. या नऊ वर्षांत मी पाच पट्टे वापरले. त्यांपैकी दोन आजही वापरात आहेत, एक पोत्याला बांधला आहे आणि उरलेल्या दोहोंचा अनुभव पुढे येईलच.

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. घरापासून शेत अडीच किलोमीटर. वाटेत एक ओढा, मग कारवीने दाटलेला चढ, आणि चढ संपला की जांभ्या दगडाच्या ताली. भात पोटरीला आले की डुकरे येतात, रताळी धरली की पुन्हा डुकरे येतात, आणि उसात गवे शिरतात. त्यांना हाकलायला डबा, फटाके आणि बॅटरीचा झोत पुरतो. रायफल बरोबर असते ती अस्वलासाठी, कारण अस्वल वाटेत अवचित समोर येते आणि माघार घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यापासून ‘स्पोर्टिंग’ हा शब्द या रायफलींच्या नावापुरताच उरला आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने चालवलेले शस्त्र तेवढे त्या कायद्याने गुन्हा ठरत नाही. शेजारचे भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले आणि त्याच्या हद्दीत लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे माझी चाल घर ते शेत आणि शेत ते घर एवढीच आहे. पण ती रात्रीची, अर्धी चढाची, आणि एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात काठी धरून करायची असते. म्हणजे रायफलीसाठी हात उरतच नाही.

ज्या काट्यावर आम्ही रताळी तोलतो त्यावर ही रायफल साधारण तीन किलो चारशे ग्रॅम भरली. पाच गोळ्या आणि पट्टा धरून साडेतीन किलोच्या थोडे वर. हे ओझे फार नाही. नोकरीत आम्ही एसएलआर ही फौजी रायफल वाहिली, जी साडेचार किलोच्या आसपास जाते, आणि तिच्याबरोबर पाठीवर आणखी बरेच काही असे. पण तेव्हा खांदाही पंचवीस वर्षांचा होता. आता साठीला आलेल्या खांद्यावर एक इंच रुंदीचा पट्टा असेल, तर पहिल्या किलोमीटरलाच मान एका बाजूला झुकते आणि दुसऱ्या किलोमीटरला माणूस दर पन्नास पावलांनी पट्टा वर सरकवू लागतो. माझ्या अनुभवात त्रास वजनाने कमी आणि या सरकवण्याने जास्त होतो, कारण घसरू पाहणारा पट्टा अडवण्यासाठी आपण नकळत खांदा कानाकडे उचलून चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखते ती मान.

रायफलीबरोबर मूळ मालकाकडून आलेला पट्टा असाच एक इंची, रेक्झिनचा होता. त्याविषयी एवढेच सांगतो की तो हल्ली खताच्या पोत्याचे तोंड बांधायला उत्तम चालतो.

दुसरा पट्टा मी मोबाइलवरून मागवला. चौदाशे रुपये. खांद्यावर येणारा भाग निओप्रीनचा, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात त्या स्पंजासारख्या रबराचा. रुंदी तीन इंच, आतल्या बाजूला न घसरण्यासाठी रबराचे ठिपके. हातात घेतला तेव्हा वाटले, आता प्रश्न मिटला. घरातल्या घरात रायफल टांगून उभा राहिलो, तर वजन अर्ध्यावर आल्यासारखे भासले, आणि विकणाऱ्यांची जाहिरातही तेच सांगत होती. उभे राहण्यापुरते ते खरेही आहे. गडबड चालायला लागल्यावर सुरू होते. हे रबर ताणते, आणि ताणते म्हणून ते स्प्रिंगसारखे वागते: पाऊल पडले की रायफल दोन बोटे खाली जाते, पाऊल उचलले की वर येते, आणि तिची ही लय आपल्या चालीच्या किंचित मागे राहत असल्यामुळे दस्ता मांडीवर आपटत राहतो. सपाट रस्त्यावर हे सोसता येते. चढावर, ओढ्यातल्या दगडांवर, माणूस एका पायावर तोल सावरत असताना नेमके त्याच क्षणी पाठीवरचे ओझे हलते. शिवाय तीन इंचांचा तो भाग घामाने आतून ओला होतो व वाळत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्री घरी परतलो की खांद्यावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवल्यासारखे वाटे. जो बाकावर बसून नेमबाजी करतो आणि गाडीपासून बाकापर्यंतच रायफल नेतो त्याला हा पट्टा जरूर आवडेल.

त्या पट्ट्याला रायफलीशी जोडणाऱ्या कड्या दाबून फिरवल्या की सुटणाऱ्या होत्या. चांगल्या बनावटीची अशी कडी सोयीची असते, पट्टा क्षणात काढता-घालता येतो. माझ्या नशिबी मात्र हलक्या धातूची नक्कल आली होती. मार्गशीर्षातली रात्र होती, मी तालीवरून खाली उतरत होतो, आणि पुढची कडी कारवीच्या जाड काटकीला घासून सुटली. रायफल खांद्यावरून निसटली, दस्ता कमरेवर लागला आणि नळीचे तोंड जांभ्या दगडावर आपटले. तो आवाज अजून कानात आहे. सुदैवाने नव्हे, सवयीने, गोळी नळीत नव्हती. मॅगझीन भरलेले आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा, रिकामी ठेवूनच मी चालतो, आणि खांद्यावर टांगलेली रायफल अशीच असली पाहिजे याबद्दल मला कोणाशी वाद घालायचा नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, वाकली एवढ्यावर निभावले. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात ती कडी पाहिली, तर आतली खिटी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तितकीच ठिसूळ. तेव्हापासून मी स्क्रूने पक्की बसणारी साधी पोलादी कडीच वापरतो. ती चालताना बारीक कुरकुरते. तिच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबची एक चकती कापून घातली की गप्प बसते.

तिसरा प्रयोग दोन्ही खांद्यांवर घ्यायच्या पट्ट्याचा, म्हणजे शाळेच्या दप्तरासारखा. पुण्यात असलेल्या मुलाने तो आणला. बर्फातल्या स्कीइंगबरोबर नेमबाजीच्या शर्यती होतात, त्यातले खेळाडू रायफल अशीच पाठीवर घेतात, असे त्यानेच मला चित्रफितीत दाखवले. आरामाच्या दृष्टीने याला तोड नाही. वजन दोन्हीकडे सारखे वाटले जाते, हात मोकळे राहतात, मान सरळ राहते. परंतु त्या खेळाडूंच्या वाटेवर कारवी नसते आणि डोक्यावर जांभळीच्या फांद्याही नसतात. पाठीवर सरळ उभी असलेली नळी माझ्या डोक्याच्या वर वीतभर जाते. मी वाकतो ते डोके वाचवण्याइतके, आणि फांदी अडकते नळीला. दुसरी अडचण त्याहून मोठी: जनावर समोर आले तर दोन्ही हात पट्ट्यातून काढून रायफल पुढे आणायला जो वेळ लागतो, तेवढ्यात अस्वलाचे काम होऊन जाईल. हा पट्टा मी मुलाला परत दिला.

चौथा पट्टा बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानातून दीडशे रुपयांना घेतला. फौजी पद्धतीचा, सुती निवारीचा, सव्वा इंची, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे या भागात अशा वस्तूंची दुकाने आणि त्यांची पारख असणारी गिऱ्हाइके, दोन्ही आहेत. या पट्ट्यात आराम म्हणावा असे काही नाही, पण खोडही नाही. तो ताणत नाही. ओला झाला तर आकसून आणखी घट्ट होतो आणि वाळला की पूर्ववत. सुती असल्यामुळे सदऱ्यावर, घोंगडीवर, इरल्याच्या आतल्या कांबळ्यावर पकड धरतो. फक्त प्लॅस्टिकच्या रेनकोटावर तो घसरतो, आणि रेनकोटावर न घसरणारा पट्टा मी अजून पाहिलेला नाही. खांद्याला टोचू नये म्हणून जुन्या घोंगडीचा हातभर तुकडा दुहेरी करून खांद्याच्या जागी शिवून घेतला आहे. देखणे दिसत नाही. पण कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला चार महिन्यांसाठी याहून वेगळे काही सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

आता पाचवा, ज्यासाठी खरे तर हे सगळे लिहायला बसलो. नात्यातल्या लग्नासाठी अथणीला गेलो होतो. कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीने कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत, आणि अथणी हे आपल्या जिल्ह्यातले या कामाचे मोठे ठिकाण. चपला घ्यायला म्हणून एका चर्मकाराच्या घरी गेलो, त्यांच्या पडवीत बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा तो तुरट वास आला, आणि मनात आले की जे चामडे वर्षानुवर्षे माणसाचे सगळे वजन तळव्याखाली सोसते ते साडेतीन किलो खांद्यावर का सोसणार नाही.

रायफलीचा पट्टा त्यांनी आधी कधी केला नव्हता. मी कागदावर माप काढून दिले. त्यांनी ते पाहिले, कन्नड वळणाच्या मराठीत दोन प्रश्न विचारले, ओझे किती आणि ते लटकून हलणार की बसून राहणार, आणि मग म्हशीच्या कमावलेल्या कातड्याचा मोठा तुकडा उलगडून कण्यालगतच्या पट्टीवर बोट फिरवले. “साहेब, पोटाचं चामडं वाढतंय. पाठीचंच घ्या, चार पैसे जास्त पडू देत.” निओप्रीनवर चौदाशे रुपये घालून मला जे कळले होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यानंतर चामडे कापायच्या रापीचा एकच लांब, न थांबणारा काप: मधोमध सव्वादोन इंच रुंद, दोन्ही टोकांकडे निमुळता होत सव्वा इंचावर येणारा. पट्ट्याची रुंदी खांद्यापुरतीच लागते. ती कडीपर्यंत तशीच नेली तर चामडे कडीत गोळा होते, मुडपते आणि तिथेच चिरते. टोके दुमडून आरीने भोके पाडली आणि मेण ओढलेल्या जाड दोऱ्याने दुहेरी टाके घातले. एका टोकाला लांबी कमीजास्त करण्यासाठी पाच भोके आणि एक पितळी गुंडी. मी अस्तर लावा म्हणालो, तर ते नको म्हणाले. कातड्याची आतली खरखरीत बाजू खांद्याकडे ठेवली की अस्तर लागत नाही, ती कापड धरते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते शंभर टक्के बरोबर निघाले. नऊशे रुपये घेतले. कामाला दोन तास लागले, त्यात एक चहा.

पहिले पंधरा दिवस हा पट्टा कडक होता आणि खांद्याच्या गोलाईवर नीट बसत नसे. मग तो हळूहळू वळला. आज, तीन वर्षांनी, टेबलावर ठेवला तरी त्याला माझ्या उजव्या खांद्याचा बाक आहे, आणि शेजाऱ्याने तो एकदा घेऊन पाहिला तर त्याला टोचला. तो ताणत नाही, म्हणून रायफल चालीबरोबर चालते. घसरत नाही, म्हणून खांदा खाली, आपल्या जागी राहतो. अडीच किलोमीटरमध्ये तो वर सरकवण्याची वेळ एखाद्याच वेळी येते. खांदा बदलल्याशिवाय मी शेतापर्यंत जातो, आणि बदलला तर आरामासाठी नव्हे, बॅटरीचा हात दमला म्हणून.

पट्टा कितीही चांगला असला तरी रायफल कशी लटकवता त्यावर निम्मे अवलंबून आहे, आणि याचा पट्ट्याच्या लांबीशी थेट संबंध आहे. नळी वर ठेवून उजव्या खांद्यावर टांगणे ही सर्वांची सवय. त्यासाठी पट्टा इतका लांब हवा की रायफल टांगल्यावर दस्ता नितंबाच्या खाली फार उतरू नये आणि पट्ट्याखालून घोंगडीसकट हात सहज आत जावा. माझे माप अडतीस इंच आहे, थंडीत एक भोक सैल. नळी खाली ठेवून डाव्या खांद्यावर टांगण्याची दुसरी पद्धत आहे, तिला शिकारी लोक आफ्रिकन कॅरी म्हणत. तीत पाऊस नळीत जात नाही, फांद्या अडकत नाहीत आणि डावा हात आधीच पुढच्या लाकडावर असल्यामुळे रायफल झटकन वर येते. दाट कारवीत मी हीच पद्धत वापरतो. पण तिच्यात एक धोका आहे आणि तो चिखलाच्या दिवसांत विसरून चालत नाही: तालीवर टेकायला बसलो की नळीचे तोंड जमिनीला लागते, आणि नळीत चिखलाचा बोळा बसला असताना गोळी झाडली गेली तर नळी फुटते. म्हणून बसताना रायफल आधी खांद्यावरून उतरते, मग मी बसतो. छातीवरून तिरका घालून पाठीवर घेणे हा प्रकार ओढा ओलांडताना चांगला, कारण दोन्ही हात सुटतात. मात्र माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, चढताना तोही नको. माळ्यावर चढायचे तर मॅगझीन काढून, चेंबर पाहून, रायफल खाली दोरीला बांधून ठेवावी, आपण वर जावे, आणि मग नळी जमिनीकडे राहील अशी ती ओढून घ्यावी.

चामड्याच्या पट्ट्याची खोड पावसाळ्यात कळते. पहिल्या वर्षी मी तो जुलैतही वापरला. आठ दिवसांत त्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली, आणि जिथे तो नळीला टेकून राहत होता तिथे नळीवर गंजाची बोटभर रेघ उमटली. सालीने कमावलेल्या कातड्यात तुरटपणा आणि ओल दोन्ही राहतात व पोलादाला ते मानवत नाही. त्यामुळे आता आगोट आली की चामड्याचा पट्टा कोरड्या फडक्याने पुसून, एरंडेलाचे नुसते बोट फिरवून, चुलीच्या खोलीत खुंटीला लांब सोडून ठेवतो आणि निवारीचा चढवतो. तेल जास्त लावू नये. जास्त प्यायलेले चामडे पोटाच्या चामड्यासारखे ताणू लागते. दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या आदल्या दिवशी पट्टे पुन्हा बदलतात.

गावाबाहेर रायफल न्यायची झाली तर यांतला एकही पट्टा कामाचा नाही. तेव्हा रायफल रिकामी, गोळ्या वेगळ्या, आणि सगळे हत्यार कापडी म्यानात झाकलेले असावे. आम्हा परवानाधारकांना ही वेळ निवडणुकीच्या आधी येते, कारण हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. २०२३ च्या मे महिन्यात विधानसभेसाठी केले, आणि २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेसाठी पुन्हा केले. पहिल्या खेपेला पट्ट्यासकट दिले. म्यान तोकडे असल्यामुळे पट्टा आत घडी घालून कोंबला गेला होता, आणि परत मिळाला तेव्हा त्या घडीची दुमड खांद्याच्या जागेपासून चार बोटांवर कायमची बसली होती. दुसऱ्या खेपेला पट्टा घरीच खुंटीला राहिला.

त्या दुमडीच्या जागी आता चामड्याचा रंग फिका पडला आहे आणि नखाने दाबले की बारीक रेघा दिसतात. गुंडीचे दुसरे भोकही रोजच्या वापराने लांबट झाले आहे. फोनवर विचारले तर अथणीहून उत्तर आले की पट्टा बदलायची गरज नाही, दुमडीवर आतून चामड्याची पट्टी शिवता येईल, दिवाळीनंतर घेऊन या, आणि येताना रायफल नको, नुसता पट्टा पुरे.